यादी पुण्यातच ठेव

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट पाहिली. बँकॉकचे चार दिवस, सव्वीस ठिकाणं आणि प्रत्येकासमोर मिनिटं. वाट अरुणच्या देवळाला ४५, राजवाड्याला ९०, चायनाटाऊनला ‘जेवण धरून ६०’. रकान्यांना रंगही दिलेस. सगळ्यात शेवटी ‘सोबत’ असा एक रकाना आहे आणि त्यात सव्वीसच्या सव्वीस ओळींत तुझ्या मैत्रिणीचं नाव आहे. तो रकाना नसता तर मी व्हॉट्सॅपवर ‘छान’ लिहून मोकळी झाले असते.

ती पुण्यात पाली शिकायला आली होती तेव्हा तू तिला काय दाखवलंस, आठव जरा. शनिवारवाडा एकदाच, तोही पाऊस आला म्हणून दरवाज्याच्या आडोशाला. बाकी दोन वर्षं ती तुझ्याबरोबर झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिली, तुळशीबागेत तू पिना निवडत असताना तिने पिशव्या धरल्या, आणि दिवाळीला साताऱ्याला येऊन तुझ्या आजीच्या हाताखाली करंज्यांच्या कडा मुडपल्या. अजूनही पुण्याचा विषय निघाला की ती करंज्यांचंच बोलते, हे तूच मला सांगितलंस. मग तिच्या गावाला जाताना तुझ्या शीटमध्ये तिची आजी कुठे आहे?

हे मी पोळून सांगतेय. २०१३ ते २०१७ अशी चार वर्षं मी बँकॉकला नोकरी केली. पहिल्याच एप्रिलमध्ये ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, रविवारी तुला शहर दाखवते. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ‘फी’ म्हणायचे. फी म्हणजे ताई किंवा दादा, दोन्ही. धाकटं कुणी असलं तर ‘नोंग’. नातं लावल्याशिवाय तिथे हाकच मारता येत नाही. नारिंगी जाकीट घातलेला मोटरसायकल टॅक्सीवाला फी, आणि हातगाडीवरची पोक्त बाई ‘पा’, म्हणजे मावशी. आपल्याला हे काही जड जात नाही.

तर त्या रविवारी माझ्याही हातात यादी होती. एक्सेल नव्हतं, वहीचा कागद होता, पण रोग तोच. सकाळी राजवाडा आणि त्याच्या आवारातलं वाट फ्रा काएव, तिथला पाचूचा म्हणतात तो बुद्ध. मग वाट फो, तिथला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायावर शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं. मग था तियनच्या धक्क्यावरून नाव करून नदीपलीकडे वाट अरुण. एप्रिलमधलं तिथलं ऊन नागपूरसारखं कोरडं नसतं, ते ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटतं. फी छत्री माझ्या डोक्यावर धरून चालत होती. मी फोटो काढत होते. चिनीमातीच्या फुटक्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं ते उंच शिखर पाहून आम्ही खाली आलो, तेव्हा ती म्हणाली, “माझ्या आईचं घर इथून जवळच आहे.”

मी म्हटलं, “हो? अरे वा.” आणि कागद उघडून विचारलं, “आता चायनाटाऊन ना?”

ती म्हणाली, “दाय खा.” म्हणजे, जमेल. (हे ‘खा’ म्हणजे जेवणाचं नव्हे, बायकांच्या तोंडचं ‘जी’.)

परत नदी ओलांडली. चायनाटाऊन झालं, फुलबाजार झाला, संध्याकाळी टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला वाटलं, काय मजेत गेला दिवस. पुढचं पुढे सांगते.

त्या लोकांत ‘क्रेंग जाय’ म्हणून एक गोष्ट आहे. जाय म्हणजे मन. क्रेंग म्हणजे धाक वाटणं, दबणं. आपल्यामुळे समोरच्याला तोशीस पडू नये, त्याचा हिरमोड होऊ नये, म्हणून मनाने दोन पावलं मागे सरायचं. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द भीड. फक्त आपण भिडेला भिकेची बहीण म्हणतो. ‘भिडस्तपणा सोड, तोंड उघड’ हे ऐकत आपली पोरं मोठी होतात. तिथे ज्याला क्रेंग जाय नाही त्याला वळण नाही असं समजतात. म्हणजे बघ, एकीकडे तू, समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर तो ‘नाही’ म्हणेल असं गृहीत धरणारी. दुसरीकडे ती, जी नाही म्हणणार नाही पण तुला ते कळेल असं गृहीत धरणारी. चार दिवस, सव्वीस ठिकाणं.

काही खुणा सांगते. माझ्या अनुभवातल्या आहेत, शास्त्र समजू नकोस. ‘दाय खा’ झटकन आलं तर खरंच जमेल. आधी श्वास, मग ‘दाय’ लांबलं, तर जमत नाहीये पण तुझ्यासाठी जमवेल. ‘लॅव तॅ’ म्हणजे ‘तू म्हणशील तसं’. हे एका तासात दोनदा आलं की ती दमलीय, बसायला जागा शोध. आणि ती आपल्या घराचं, आईचं, भाच्याचं काहीतरी नुसतंच सांगायला लागली की ती माहिती देत नसते. ते आमंत्रण असतं. दार अर्धं उघडलंय, तू ढकललंस तरच पूर्ण उघडेल. तू न ढकलता पुढे गेलीस तर ती आवाज न करता लावूनही घेईल.

विचारण्याची पद्धतही बदल. ‘रविवारी येशील का माझ्याबरोबर?’ याला तिच्याकडे एकच उत्तर आहे. ‘रविवारी तू काय करणार आहेस?’ असं विचार आणि जे सांगेल त्यात ‘मी येऊ का मागे मागे?’ म्हण.

मला हे जुलैत कळलं, तेही अपघाताने. फीचा धाकटा भाऊ दीक्षा घेणार होता. तिकडचे पुष्कळ पुरुष आयुष्यात एकदा, थोड्या काळासाठी का होईना, भिक्खू होतात. त्याचं पुण्य आईला लागतं अशी श्रद्धा. पावसाळ्याचे तीन महिने, ज्याला ते ‘फन्सा’ म्हणतात, आपल्या वर्षावासातलाच तो वर्षा, त्यासाठी बरेच जण बसतात. भावासाठी भिक्षापात्र घ्यायचं होतं. मी म्हटलं, मीही येते. त्या दिवशी माझ्याकडे कागद नव्हता आणि बँकॉक मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसलं.

आम्ही प्रतुनामहून सेन सेप कालव्याची बोट धरली. ही पर्यटकांची बोट नव्हे, ही त्यांची लोकल. कालवा १८३७ ते १८४० या काळात खोदला, व्हिएतनामशी युद्ध चाललं होतं, सैन्य आणि रसद पूर्वेकडे न्यायला. आता त्यातून ऑफिसं आणि शाळा जातात. बोट धक्क्याला लागते न लागते, टायरवर आपटते, तेवढ्या क्षणात उतरणारे उतरतात, चढणारे दोर धरून आत उडी मारतात. दादरला चढून तयार झालेली तू, तुला जमेल. काठाकाठाने निळी ताडपत्री असते. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून ती वर घ्यायची, नाहीतर ते काळं पाणी सगळ्या बाकाच्या अंगावर. कडेला मी बसले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या शाळकरी मुलीने माझ्या खांद्यावरून हात घालून दोरी ओढली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. हेल्मेट घातलेली कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या अंगाने, बोटभर कडेवर चालत, एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने तिकिटं फाडत होती. पूल ठेंगणा आला की छप्परच खाली येतं आणि सगळे सवयीने माना वाकवतात.

तेव्हा शेवटचा धक्का फान फा होता. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर, सोनेरी टेकडीच्या, म्हणजे वाट सकेतच्या पायथ्याशी एक गल्ली आहे, बान बात. बान म्हणजे वस्ती, घर. बात म्हणजे भिक्षापात्र. गल्लीत शिरण्याआधी आवाज आला आणि मी थबकले. तो आवाज मला माहीत होता. कसब्यातल्या तांबट आळीत माझी मामी राहायची. सुट्टीत तिच्याकडे गेलं की दिवसभर तो ठोका कानात असायचा, एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. तांबं आणि लोखंड यांचा नाद वेगळा, पण ठोकणाऱ्याची लय तीच: दोन जोरात, एक हलका, मग भांडं किंचित फिरवायचं.

पात्र आठ पट्ट्यांचं करतात. अष्टांगिक मार्ग म्हणून आठ, असं सांगतात. एक पट्टी काठाची गोल, बाकीच्या बुडाला एकत्र येतात, दात एकमेकांत अडकवून. सांध्यांत तांबं वितळवून भरायचं, मग ठोकत ठोकत सगळ्या शिवणी एकजीव करायच्या. अशी पात्रं करणाऱ्या वस्त्या शहरात पूर्वी आणखी होत्या, आता ही एकच उरली आहे, तीही मोजक्या घरांची. कारखान्यात साच्यातून निघणारं पात्र स्वस्त पडतं. ठेंगण्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने तयार पात्र माझ्या हातात दिलं आणि बोटाने टिचकी मारायला सांगितलं. ते बराच वेळ वाजत राहिलं. फी भावासाठी पाच-सहा पात्रं अशीच वाजवून पाहत होती, आपण माठ वाजवून घेतो तशी. मी फोटो काढायला मोबाइल काढला आणि का कोण जाणे परत ठेवला.

तिथून बामरुंग मुआंग रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे अप्पा बळवंत चौक, फक्त पुस्तकांच्या जागी बुद्ध. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पुरुषभर उंचीच्या सोनेरी मूर्ती ओळीने बसलेल्या, आणि शेजारी पिवळ्या-नारिंगी बादल्यांच्या चळती. प्रत्येक बादलीत साबण, टूथपेस्ट, पंचा, विजेरी, चहाची पाकिटं, वरून पारदर्शक कागद. त्याला म्हणतात ‘संखथान’. संघदान! मी जवळजवळ ओरडलेच. रस्त्याच्या टोकाला तो प्रचंड लाल झोपाळा, साव चिंगचा, नुसते सागाचे खांब आणि वर नक्षीची तुळई. १९३५ पर्यंत त्यावर ब्राह्मणांचा झोके घेण्याचा विधी चाले. जवळच देवस्थान नावाचं ब्राह्मणी देऊळ आहे, आत गणपती.

आता इथेच एक कान उपटून घे. तुला पाली-संस्कृत येतं, म्हणून तुझा धोका माझ्यापेक्षा मोठा. बँकॉक हे आपण म्हणतो. ते म्हणतात क्रुंग थेप, आणि पूर्ण नाव संस्कृतातून वाच: देवमहानगर अमररत्नकोसिन्द्र महिन्द्रायुध्या महातिलकभव नवरत्नराजधानी पुरीरम्य उत्तमराजनिवेशन महास्थान अमरविमान अवतारस्थित शक्रदत्तिय विष्णुकर्मप्रसिद्धि. इंद्राने दिलेलं आणि विश्वकर्म्याने बांधलेलं. १७८२ मध्ये पहिला राम या राजाने राजधानी इथे हलवली, त्यानंतरचं हे बारसं. विमानतळ सुवर्णभूमी, आत समुद्रमंथन. नवं वर्ष सोंगक्रान, म्हणजे संक्रांत. शाकाहार म्हणजे मांगसाविरत, मांसविरती. वाट, म्हणजे देऊळ, हा शब्दसुद्धा आपल्या वाड्याचा चुलतभाऊ. बघ, मलाही राहवत नाही.

पण हे सगळं मनात ठेव. ‘हे आमचंच’ हे वाक्य भारतीय माणूस तिथे दर दहा मिनिटांनी म्हणतो आणि समोरची बाई दर वेळी हसून ‘खा, खा’ म्हणते. त्या पहिल्या रविवारी वाट फ्रा काएवच्या ओवरीत रामकियनची, म्हणजे त्यांच्या रामायणाची, १७८ भित्तिचित्रं पाहताना मी तेच केलं होतं. फी मला हनुमान आणि सुवर्णमच्छेची गोष्ट सांगत होती. सेतू बांधताना दगड नाहीसे होतात, पाण्यात रावणाची मत्स्यकन्या लेक ते पळवत असते, हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्यांचा हनुमान पांढराशुभ्र, खट्याळ, बायकांच्या मागे लागणारा. मी मालवणची, शनिवारी मारुतीला तेल घालून वाढलेली. मी तिला मध्येच तोडून सांगितलं, “छे, हनुमान ब्रह्मचारी आहे. हे चुकीचं आहे.” दोनशे वर्षांहून जुन्या देवळात, तिच्या देवळात, तिच्या लहानपणीच्या गोष्टीला मी लाल शाईने खूण केली. ती म्हणाली, “हो का? खा.” आणि पुढची चित्रं न सांगता दाखवत गेली. ते मौन मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

थाई माणसं आपल्याला ‘खॅक’ म्हणतात. काही जण ते नाक मुरडूनही म्हणतात, आपल्या लोकांना त्याचा राग येतो. सिलोमवरच्या मारिअम्मनच्या तमिळ देवळाला सगळे वाट खॅकच म्हणतात. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. मला तो फार आवडायला लागला नंतर. पाहुण्याने भिंतीवरचा फोटो पाहून ‘हा आमच्या आजोबांसारखा दिसतो’ असं एकदा म्हणावं. प्रत्येक फोटोसमोर म्हणू नये.

तर पात्र घेतलं आणि फी म्हणाली, “हे आईकडे ठेवायचंय.” या वेळी मी शहाणी झाले होते की नुसती नशीबवान होते, सांगता येत नाही, पण मी म्हटलं, “मी येऊ?” नदी ओलांडून थोनबुरीला गेलो. कालव्याच्या काठाला लाकडी घर, पायऱ्यांशी चपला, आत गारवा. आईने मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “किन खाव रू यांग?” जेवलीस का? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं गं. इतके दिवस परदेशात ‘हाऊ आर यू’ला ‘फाइन’ म्हणत होते.

(खाव म्हणजे भात. चुकीच्या सुरात म्हटलंस तर बातमी, आणखी एका सुरात पांढरा. पाच सूर आहेत. तू चुकशील, ते हसतील, तूही हस.)

जेवायला भात, अंड्याचं ऑम्लेट, पालेभाजी, आणि गेंग सोम, चिंचेतला आंबट-तिखट माशाचा रस्सा. आमच्या बांगड्याच्या तिखल्याची लांबची बहीण. मी सवयीने आमटी ओतावी तसा तो भातावर ओतला, अर्धी वाटी. तिथे तसं नसतं. मधल्या भांड्यातून एक चमचा घ्यायचा, तेवढ्यापुरता भात खायचा, मग दुसऱ्या भांड्यातला एक चमचा. ताटात ढीग केला की आता पुन्हा मिळणार नाही अशी भीती दिसते. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काटा तोंडात जात नाही, तो फक्त चमच्यावर घास ढकलायला. काड्या नूडल्सना. आई काही बोलली नाही. फीने सावकाश स्वतःचा रस्साही तसाच ओतून घेतला, मला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून. याला पण क्रेंग जायच म्हणत असतील.

जेवण झाल्यावर ड्युरियन आला. वासाला तू घाबरू नकोस, बरका फणस खाणाऱ्याला त्यात नवं काही नाही. फक्त हॉटेलच्या खोलीत नेऊ नकोस, दंड लावतात. आई फोड हातात देत हसत हसत काहीतरी म्हणाली. फी एकदम लाल झाली, भाषांतर करेना. मी हट्ट केला तेव्हा सांगितलं. आई म्हणाली होती, “एप्रिलमध्ये आली असती तर आंबा मिळाला असता. चिकट भात करून ठेवला होता, नारळाचं दूध घालून. दोघींची वाट पाहिली. मग शेजारच्या पोरांना दिला.”

वाट अरुणपासून ते घर दहा मिनिटांवर होतं.

यावर जास्त लिहीत नाही. तुझ्या उपयोगाचं सांगते.

तू शाकाहारी आहेस. हे तिला माहीत आहे, पण तिच्या आईला, मावशीला, कोपऱ्यावरच्या ‘पा’ला माहीत नाही, आणि तिथे ‘नाम प्ला’, म्हणजे माशाचं पाणी, मिठाच्या जागी पडतं. ‘कपी’ म्हणजे कोळंबीचा वाटलेला खारवलेला लगदा, तो चटण्यांत असतो. जाण्याआधी आठवडाभर तिला एकदाच, लेखी, सगळं स्पष्ट सांग: मासा नाही, नाम प्ला नाही, अंडं चालतं की नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं तर ते ‘जे’ जेवण, चिनी पद्धतीचं शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नसतो. एकदा सांगून झालं की ताटावर बसून उलटतपासणी घेऊ नकोस. विजय स्मारकाजवळच्या बोट नूडल्सच्या गल्लीत मात्र नुसती सोबत बस. त्या छोट्या वाडग्यांतल्या रश्शात रक्त घालतात. रिकाम्या वाडग्यांचे मनोरे मोजायला मजा येते.

सोम तम तुला नाम प्ला आणि सुकी कोळंबी वगळून मिळेल. मातीचं उंच उखळ, लाकडी मुसळ, एका हाताने ठेचायचं आणि दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर आणायचं. हिरवी पपई, चवळीच्या शेंगा, ताडगूळ, लिंबू, शेंगदाणे. करणारी विचारते, “फ्रिक की मेत?” मिरच्या किती? मी मालवणी तोऱ्यात बोटं दाखवली, पाच. फी माझ्या मागून एक बोट दाखवत होती असं मला खूप नंतर कळलं. एकच पडली होती, तरी माझं नाक वाहत होतं.

पैशाचं. तिथे आमंत्रण देणारा किंवा वयाने मोठा असतो तो देतो. आपापलं देण्याला ते ‘अमेरिकन शेअर’ म्हणतात, यावरून काय ते समज. हातगाडीवरसुद्धा क्यूआर कोड असतो, पण तो त्यांच्या बँक खात्याचा. तुझं यूपीआय तिथे चालेलच असं धरून जाऊ नकोस. मग होतं काय, प्रत्येक ठिकाणी ती मोबाइल पुढे करते, तू ‘नंतर देते’ म्हणतेस, आणि ते नंतर येत नाही. वीस आणि शंभर बाथच्या नोटा भरपूर ठेव. बोट, चहा, फळं हे तू आधीच देऊन टाक. मोठं जेवण असेल तर मध्येच हात धुवायला म्हणून ऊठ आणि गल्ल्यावर देऊन ये. हिशोबाचा कागद तिच्यासमोर कधी काढू नकोस. तिच्या आईसाठी बाकरवडी ने आणि करंज्या ने, मोडल्या तरी चालतील.

बाकी किरकोळ. देवळात खांदे-गुडघे झाकलेले, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही. भिक्खूला बाईमाणसाने स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर खाली ठेवायचं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, स्टेशनवर, बागेत. सगळे थांबले की तूही थांब. पत्ता शोधताना सुखुमवित रस्त्यावर फसू नकोस, विषम क्रमांकाच्या गल्ल्या एका बाजूला आणि सम दुसऱ्या, पण ५५च्या समोर ३८ असते.

एक मात्र किरकोळ नाही. राजघराण्याबद्दल तिचं मत विचारू नकोस, गमतीतही नाही, टॅक्सीत तर नाहीच. त्यांच्या दंडविधानातल्या कलम ११२ला प्रत्येक गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षं तुरुंग आहे. तुझं परतीचं तिकीट आहे, तिचं नाही. १३ ऑक्टोबर २०१६ला राजा भूमिबोल गेले तेव्हा मी तिथे होते. दुकानांतले काळे कपडे संपले, लोकांनी आपले रंगीत कपडे काळ्या रंगात बुडवून घेतले, रस्त्यावर पातेली मांडून फुकट रंगवून देत होते. फीने चार ब्लाउज रंगवले. तिला काय वाटत होतं, मी विचारलं नाही. तिच्या शेजारी उभी राहून पातेल्यातलं काठीने ढवळलं तेवढंच.

राजवाडा पाहू नकोस असं मी म्हणत नाही. वाट अरुण बघ, वाट फो बघच. पण एकटी जा, सकाळी उघडताच, तिला कामाला जाऊ दे. संध्याकाळी तिला भेट आणि तिचं जे चाललं असेल त्यात शिर. धोब्याकडून कपडे आणायचे असतील तर कपडे आण.

आणि हो, येताना माझ्यासाठी याडोमच्या दोन नळ्या आण, नाकाला लावायच्या, कापूर-पुदिन्याच्या. तिथे सगळ्यांच्या खिशात असतात. मिळतात कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात. ती जवळ नसताना घे, नाहीतर पैसे तीच देईल आणि तुला दोनाच्या बारा आणाव्या लागतील.

तुझी,
मावशी